बारावी ताटली

 

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीला बायांच्या मागे पोरंही आली. हिशेब सुचू देईनात. मग आम्ही त्यांचा एक खेळ घेतला. १२ पोरं ओळीनं बसवली, पुढं १२ ताटल्या मांडल्या. टोपल्यात भाकरी मोजून १२. पण वाढताना ११ जणांनाच वाढल्या. बारावी ताटली रिकामी ठेवली.

पोरं लगेच ओरडली, "टोपल्यात एक भाकरी आहे की! त्याला का नाही?"

आम्ही म्हटलं, हाच प्रश्न सगळ्या जगाला विचारायचा आहे. २०२४ साली जगात सुमारे ६७ कोटी माणसं पोटभर जेवणाविना होती. म्हणजे दर १२ माणसांत एक. जगात धान्य नाही म्हणून नव्हे. कुणाच्या हातात पैसा नाही, कुठं लढाई चालू आहे. आफ्रिकेत सुदान देश आहे. तिथली माणसंही आपल्यासारखी ज्वारी पिकवतात, ज्वारी खातात. २०२३ मध्ये तिथं लढाई पेटली, घरंदारं आणि शेतं सोडून लोक पळाले, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या काही भागांत भूकबळी पडू लागले.

कोपऱ्यात बसलेल्या आजी तेव्हा बोलल्या. १९७२ च्या दुष्काळात त्या खडी फोडायला जात. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो. "मिलो घशाखाली उतरत नव्हती," म्हणाल्या, "पण हाताला काम होतं, दोन पैसे येत होते, म्हणून जगलो." पोरं गप्प होऊन ऐकत होती. भूक म्हणजे लांबच्या देशातली गोष्ट नाही, हे त्यांना आजींकडून कळलं.

एवढ्यात चौथीतली एक मुलगी म्हणाली, "आमच्या घरी बारावी ताटली आईची असते. ती शेवटी जेवते. कधी कधी भाजी संपलेली असते."

बैठकीत कुणीच काही बोललं नाही. तिची आई आमच्यातच बसली होती. आणि खरं सांगायचं तर, आमच्यापैकी कुणाच्या घरी वेगळं होतं? पोरांना आम्ही जगाची भूक शिकवायला निघालो होतो. त्यांनी घरातली दाखवली.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी निघालं. पाच वर्षांखालच्या दर ३ मुलांत २ मुलांचं तसंच. पोट भाकरीनं भरतं, पण नुसत्या भाकरीनं रक्त वाढत नाही.

म्हणून आम्ही त्या दिवशी तीन गोष्टी ठरवल्या. एक, रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र घ्यायचं, आणि सगळी ताटं वाढून झाल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही. ताटं मोजायचं काम पोरांकडं. दोन, भाकरीबरोबर डाळ किंवा उसळ, पालेभाजी आणि वर लिंबू पिळायचं. लिंबानं पालेभाजीतलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर ते वाया जातं. तीन, दुकानातल्या कुरकुरीत पुड्यांऐवजी मधल्या वेळी शेंगदाणे-गूळ द्यायचा.

पैसा फार लागत नाही. सवय मोडायला मात्र वेळ लागतो. पहिल्या आठवड्यात दोन घरांत कुरबुर झाली. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी असं नव्हतं." तेव्हा नातवानंच त्यांना सांगितलं, "आजी, एक ताट कमी आहे."

मैत्रिणींनो, ज्या पोराला घरातलं रिकामं ताट दिसतं, त्याला उद्या गावातलं दिसेल, मग जगातलंही दिसेल. ते शिकवायला मोठी पुस्तकं नकोत. आज रात्री वाढायला बसाल तेव्हा लेकराला एवढंच म्हणा, "ताटं मोज रे बाळा."

आणि त्यात स्वतःचं ताट धरायला विसरू नका.