खाली दुकान, वर घर



सिंगापूरच्या चायनाटाउनमध्ये एकमेकांना खेटून उभी जुनी घरं आहेत.
खाली दुकान, वर बिऱ्हाड.
पुढे पाच फुटी पडवी.
आत उजेडासाठी चौक, अगदी आपल्या वाड्यासारखा.

१९८९ साली तिथल्या सरकारनं ही वस्ती जतनाखाली आणली.
असं घर विकत घेता येतं.
पण पाडता येत नाही.
दर्शनी भिंत, छप्पर, लाकडी तुळया जपाव्याच लागतात.

घेण्याआधी नोंद पाहा.
जागा दुकानाची, की राहण्याची?
राहण्याची असेल, तर परदेशी माणसाला सरकारची मंजुरी लागते.
जमीन भाडेपट्ट्यावर असेल, तर तो किती वर्षं उरलाय, तेही विचारा.

पुन्हा सांगते,
घर तुमचं, पण पाडायचं नाही.
पडवीही अडवायची नाही.
पावसात सगळी वाटसरू मंडळी तिथूनच चालतात.