ताई, आम्ही कुठल्या गटातल्या?

(खर्डा, ता. जामखेड येथे कार्यकर्त्या मैत्रिणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला 'तरुणाई आणि अस्मिता' असा भारदस्त विषय दिला आहे. मी तो जरा खाली उतरवते. या खर्ड्यातल्या नि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींना 'ही आपली माणसं' असं कुठे वाटतं, एवढंच बोलते.

येताना तुम्ही मोटारसायकली पाहिल्या असतील. मागे महापुरुषाचं चित्र, नाहीतर वाघ, नाहीतर नुसतं जातीचं नाव. जयंतीला डीजे कुणाचा मोठा, यावर वर्षभर बोलणं चालतं. भाऊंच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खाली तीस पोरांचे फोटो असतात. टिकलीएवढा का होईना, आपला फोटो त्यात आहे म्हणजे आपण कुणीतरी आहोत. मी याला हसत नाही. बारावी होऊन हाताला काम नाही, जमीन दीड एकर, तीही कोरडवाहू. अशा पोराला तो फ्लेक्स उभं राहायला जागा देतो. 1972 साली मुंबईतल्या दलित तरुणांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून 'दलित पँथर' हे नाव घेतलं, तेव्हा त्या नावानं कितीतरी जणांची मान ताठ झाली. नाव घेण्यात वाईट काही नाही. ते आपण घेतलं की कुणी आपल्यावर डकवलं, हे मात्र बघावं लागतं.

त्या फ्लेक्सवर मुलीचा फोटो मी अजून पाहिलेला नाही. मुलगी गटाची सभासद नसते, ती गटाची अब्रू असते. अब्रूला कुणी मत विचारत नाही, तिची राखण करतात.

ही राखण कुठवर जाते हे खर्ड्याला सांगायला नको. 28 एप्रिल 2014 ला सतरा वर्षांच्या नितीन आगेचा खून झाला. दलित मुलगा, वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो असा संशय. नोव्हेंबर 2017 मध्ये सत्र न्यायालयात आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार फिरले होते. शेजारच्या कर्जत तालुक्यात कोपर्डीला जुलै 2016 मध्ये एका शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिला मारलं. तिथल्या तिघांना फाशीची शिक्षा झाली तीही त्याच नोव्हेंबरात, आठवडाभराच्या अंतरानं. त्या आठवड्यात मी पोरांना 'आमचा निकाल', 'त्यांचा निकाल' असं बोलताना ऐकलं. जणू मॅचचा स्कोअर. दोन्ही घरांतलं लेकरू गेलं होतं.

नितीनच्या वेळी मी एमएसडब्ल्यू होऊन नुकतीच कामाला लागले होते. मोर्चे, निवेदनं, सत्यशोधन समित्या, सगळं पाहिलं. पण मुलींच्या घरांत काय झालं ते कुठल्या अहवालात आलं नाही. फोन काढून घेतले. कॉलेज बंद. 'स्थळ बघा' सुरू. आणि आपल्या भागात लग्न झालं की पुढे काय? ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादम 'एक कोयता' म्हणून मोजतो. उचल त्या कोयत्यावर मिळते. म्हणजे आमची सतरा वर्षांची पोरगी लग्नानंतर अर्धा कोयता होते. (पुण्यात पोरं कोयते घेऊन फिरायला लागली तेव्हा पेपरांनी त्यांना 'कोयता गँग' नाव दिलं. तिकडे दहशतीचं नाव, इकडे मजुरीचं. कुठल्या कोयत्याची बातमी होते ते बघा.)

आता माझी चूक सांगते. किशोरी गट सुरू केले तेव्हा मी एका गावात दोन गट केले, एक गावात आणि एक वस्तीवर. सोय म्हणून. गावातल्या आया वस्तीवर पाठवत नाहीत, वस्तीवरच्या मुली देवळाच्या ओट्यावर यायला बिचकतात. दोन गट केल्यावर हजेरी भरली, रजिस्टर छान दिसलं. तीन वर्षं चाललं. मग एका मेळाव्यात सगळ्या एकत्र आल्या, शाळेत एका वर्गात बसणाऱ्या दोघीजणी माझ्यापाशी आल्या आणि त्यातल्या एकीनं विचारलं, "ताई, आम्ही दोघी मैत्रिणी आहोत, मग आम्ही कुठल्या गटातल्या?" मला उत्तर देता आलं नाही. जे जातीनं केलं तेच मी हजेरीपटावर केलं होतं.

ज्या तालुक्यात 1970 पासून डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी वेगवेगळ्या जातींच्या, कित्येक निरक्षर बायकांना एकत्र बसवून आरोग्यसेविका केलं, त्या तालुक्यात मी हे केलं, याची जास्त लाज वाटली. त्या बायकांनाही सुरुवातीला एकत्र जेवायला जड गेलंच होतं. पण बाळंतपण कसं करायचं ते शिकायचं होतं, काम समोर होतं.

आम्ही गट एक केला. अठ्ठावीस मुली होत्या, नऊ उरल्या. दोन्हीकडच्या गेल्या, एकाच बाजूच्या नाही. उरलेल्यांना बसायला जागा नाही. देऊळ नको, विहार नको, शाळेला सुटीनंतर कुलूप. एकीनं किल्ला सुचवला. तिथे 2021 च्या दसऱ्याला 74 मीटर उंच भगवा ध्वज उभा राहिला, तेव्हापासून फोटोला पोरांची गर्दी असते. मुली म्हणाल्या, आपणही जाऊ.

गेलो. मी त्यांना 11 मार्च 1795 ची लढाई सांगितली. मराठे जिंकले, निजाम याच किल्ल्यात शिरला. निजामाची बेगम घाबरली म्हणून तो मागे फिरला, अशी एक कथा आहे. हरले पुरुष आणि बोल बाईला! आणि किल्ला बांधणारे निंबाळकर निजामाच्या पदरचे सरदार होते, हे सांगितलं तर मुली गोंधळल्या. "म्हणजे ते कुणाच्या ग्रुपातले?" एकीनं विचारलं आणि सगळ्या हसत सुटल्या.

त्या हसण्याचा फोटो कुणीतरी पोरानं काढून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. दोन घरांतून निरोप आलाय, पोरगी आता येणार नाही. उद्या सकाळी मला त्या दोन्ही घरी जायचं आहे. एक घर गावात आहे, एक वस्तीवर. एकटीनं जाण्यापेक्षा तुमच्यातल्या दोघी-तिघी बरोबर आल्या तर बरं होईल. ज्यांना जमेल त्यांनी जेवण झाल्यावर थांबावं.