एक किलोचा उपग्रह आणि त्याची जबाबदारी



आपल्या शाळेनेही एखादा उपग्रह सोडावा, लागेल तर वर्गणी काढू, अशी सूचना काही पालकांनी मांडली आणि तिच्यावर बोलण्याचे काम माझ्याकडे आले. मी भूगोलाचा शिक्षक आहे, अभियंता नव्हे. तरीही ही सूचना हसण्यावारी नेण्याजोगी नाही, एवढे मी आरंभीच सांगतो. रोहण्यासारख्या गावी बसून ती सुचते, याचा मला आनंदच आहे.

दिनांक २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही सी-३४ या अग्निबाणाने २० उपग्रह वर नेले. त्यांत पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बांधलेला ‘स्वयम्’ होता. त्याचे वजन ९९० ग्रॅम आणि प्रत्येक बाजू सुमारे १० सेंटिमीटर. मिठाईचा किलोचा पुडाही याहून मोठा दिसतो! पृथ्वीपासून सुमारे ५०० किलोमीटर उंचीवर, दीड तासाला एक प्रदक्षिणा घालीत, एका ठिकाणचा संदेश घेऊन तो दुसऱ्या ठिकाणी पोचवायचा, हे त्याचे काम. एवढ्याशा पेटीत तोंड वळवायला यंत्रे कुठून मावणार? म्हणून आत चुंबक बसवले. होकायंत्राची सुई जशी आपोआप उत्तर-दक्षिण होते, तसा हा उपग्रह पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळून राहावा, अशी योजना होती. आठवीच्या पुस्तकातले ज्ञान आकाशात कसे उपयोगी पडते, ते पाहा.

त्याच वर्षी २६ सप्टेंबरला पवईच्या आयआयटीचा सुमारे १० किलोचा ‘प्रथम’ गेला. त्याचे काम २००७ मध्ये सुरू झाले होते. म्हणजे आरंभ करणारे विद्यार्थी पदवी घेऊन गेले, नवे आले, तेही गेले. नऊ वर्षे वह्या हातोहात देत काम चालले. वर्गणी काढण्याआधी आपण या नऊ वर्षांचा विचार करावा.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी रामेश्वरमहून विद्यार्थ्यांनी केलेले १०० चिमुकले ‘उपग्रह’ फुग्यांच्या साहाय्याने सोडण्यात आले. महाराष्ट्रातील मुलेही त्यांत होती. उपक्रम चांगला, मुलांनी खूप काही शिकून घेतले. परंतु फुगा हवेतच तरंगतो, पृथ्वीभोवती फिरत नाही. फिरण्यासाठी सेकंदाला साडेसात किलोमीटरचा वेग लागतो. फुग्याला फुगा म्हणावे. मुलांचे कौतुक त्याने कमी होत नाही.

आता नियमांकडे वळू. आपली वस्तू, आपला पैसा, मग परवानगी कशाला, असे कोणी विचारील. १२ जानेवारी २०१८ रोजी आपल्याच पीएसएलव्ही सी-४० वरून एका अमेरिकन कंपनीचे तळहाताएवढे चार उपग्रह गेले. फार लहान असल्याने त्यांचा माग ठेवता येणार नाही, या कारणाने त्यांच्या देशाच्या दळणवळण आयोगाने आधीच परवानगी नाकारली होती. कंपनीने ते तरीही पाठवले. पुढे तिला नऊ लाख डॉलर भरावे लागले.

आणि हे प्रकरण केवळ परदेशचे नाही. २ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ आपणांस आठवत असेल. गुढीपाडवा होता, आणि आपल्यापैकी अनेकांचे डोळे रमजानच्या चंद्रासाठी आभाळाकडे लागले होते. त्या रात्री विदर्भाच्या आकाशातून पेटते गोळे रांगेने गेले आणि शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावी, सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. तो चिनी अग्निबाणाचा अवशेष असावा, असे जाणकारांचे मत पडले. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशा वस्तूने जमिनीवर नुकसान केले तर सोडणारे राष्ट्र भरपाईस बांधील असते. उपग्रह कॉलेजचा असो की कंपनीचा, उत्तर सरकारला द्यावे लागते. म्हणूनच आपल्याकडे २०२० मध्ये ‘इन-स्पेस’ ही परवानगी देणारी संस्था स्थापण्याचा निर्णय झाला, २०२३ मध्ये अवकाश धोरण आले. रेडिओच्या लहरींसाठी दूरसंचार खात्याची परवानगी निराळी.

लहान राष्ट्रांनीही हाच रस्ता धरला आहे. ‘इस्रो’ने २०१९ पासून बंगळुरूस ‘उन्नती’ वर्ग भरवून इतर देशांच्या अभियंत्यांना छोटे उपग्रह जोडायला शिकवले. भूतानच्या अभियंत्यांनाही भारतात शिक्षण मिळाले आणि २६ नोव्हेंबर २०२२ रोजी दोन्ही देशांचा मिळून एक उपग्रह पीएसएलव्ही सी-५४ वरून गेला. डोंगरातल्या त्या राष्ट्राने आधी माणसे शिकवली.

तेव्हा माझी सूचना अशी. वर्गणी उपग्रहासाठी नको, ऐकण्याच्या यंत्रासाठी काढावी. हौशी रेडिओचा परवाना परीक्षा देऊन मिळतो. शाळकरी मुलांनाही ती देता येते. आधी आम्हा शिक्षकांपैकी दोघांनी ती द्यावी. मी नाव देतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरील हौशी केंद्र १४५.८०० मेगाहर्ट्झवर बोलते. त्यासाठीचा अँटेना सुताराच्या पोलादी टेपच्या पट्ट्या आणि प्लास्टिकचा पाइप यांतून होतो. सर्वांत लांब पट्टी मीटरभर. स्थानक डोक्यावरून जाते तेव्हा जेमतेम दहा मिनिटे मिळतात. गच्चीवर अँटेना धरायला एक, वेळ पाहायला एक आणि वहीत नोंद करायला एक, अशी तीन मुले लागतील. मुलींची नावे मी आधी घेईन.