केकचे पैसे आणि बाईचे तास

(महिला गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



आज मला नेमून दिलेला प्रश्न ऐकून काही जणी हसल्या. घरी केक करून देणाऱ्या बाईकडून ऑर्डर देऊन केक घेणे परवडते का? तेवढे पैसे देण्यासारखे त्यात काय असते? आपण रेशन, पाणी, नवऱ्याची मारहाण यांवर बोलणाऱ्या बायका. केक हा आपला विषय कधीपासून झाला?

पण आजूबाजूला बघा. २०२० च्या टाळेबंदीत नवऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या तेव्हा आमच्या गटांतल्या कितीतरी जणींनी शिवणकाम, पोळीभाजीचे डबे यांच्या जोडीला केक सुरू केले. वाढदिवसाला केक कापणे आता वस्तीतही रुळले आहे. म्हणजे विकणारी आपली आणि घेणारीही आपलीच. भांडण होते ते आपल्या दोघींत, आणि ते दरावरून होते.

आमच्या गटातल्या एका ताईंबरोबर बसून मी एका केकचा हिशेब कागदावर मांडला. एक किलोचा, अंड्याशिवायचा, वर मुलाच्या आवडीची मोटार. दर १२०० रुपये. मैदा, साखर, लोणी, चॉकलेट, क्रीम, रंग, खालचा पुठ्ठा, खोका, वीज मिळून खर्च ५५० रुपये. राहिले ६५०. गिऱ्हाइकाला वाटते, बाईने बसल्या बसल्या ६५० कमावले!

आता तास मोजू. फोनवर ऑर्डर ठरवणे, चित्रे बघणे, दोनदा बदल : अर्धा तास. सामान आणणे : एक तास. बेस भाजणे : दीड तास. तो पूर्ण गार झाल्याशिवाय क्रीम लावता येत नाही, लावले तर वितळते, म्हणून बेस बहुधा आदल्या रात्रीच करतात. थर कापणे, पाक शिंपडणे, क्रीम लावणे, फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा लावणे : दोन तास. साखरेच्या लगद्याची, म्हणजे फाँडंटची मोटार घडवणे : तीन तास. भांडी आणि रिक्षात खोका मांडीवर धरून पोचवणे : एक तास. एकूण नऊ तास. ६५० भागिले नऊ, तासाला साधारण ७२ रुपये. भट्टीची झीज, बिघडलेला एखादा केक, रिक्षाचे भाडे यात धरलेलेच नाही. ताई कागदाकडे बघत म्हणाल्या, "मॅडम, हे तास मी कधी मोजलेच नव्हते."

मग गिऱ्हाईक म्हणते, बेकरीत हाच केक सहाशेला मिळतो. मिळतो, खरे आहे. त्यात बेकरीवाला फसवत नाही आणि ताईही लुटत नाहीत. बेकरीत एका भट्टीत एकदम वीस-पंचवीस बेस भाजले जातात, सामान घाऊक भावाने येते, तेच फूल दिवसातून पन्नास वेळा काढले जाते. तिथे एका केकवर माणसाचे काही मिनिटांचेच श्रम पडतात. ताईंची भट्टी एका केकसाठी तापते आणि ती मोटार पुन्हा कुणी मागत नाही. दरातला फरक हा बाईच्या वेळेचा फरक आहे.

मग घ्यावा का? माझे उत्तर सरळ आहे. शाळेत पन्नास मुलांना तुकडा वाटायचा असेल तर बेकरीचा साधा केक घ्या, जास्त पैसे घालण्याचे कारण नाही. फाँडंटचे उंच मनोरे करून घेताना विचार करा. तो लगदा नुसता गोड असतो, मुले सोलून ताटाच्या कडेला ठेवतात, आणि सर्वांत जास्त तास तर त्यातच गेलेले असतात. आमच्या ताई स्वतःच सुचवतात की वर एकच छोटी वस्तू ठेवू, बाकी क्रीमचे करू. पण घरात कुणाला अंडे चालत नाही, कुणाला काजू-शेंगदाणे बाधतात, साखर कमी हवी आहे, केक ताजा हवा आहे, आत काय घातले ते करणाऱ्या बाईला विचारायचे आहे, तर घरचा केक नक्की घ्या. तिथे पैसे वसूल होतात. मात्र विचारायचे ते विचाराच. अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी आहे का? अंड्याचे आणि बिनअंड्याचे एकाच भांड्यात होते का? शेंगदाण्याचा कूट त्याच मिक्सरमध्ये फिरतो का? बाई आपली आहे म्हणून हे प्रश्न टाळायचे नाहीत, आणि तिनेही राग मानायचा नाही.

मला खटकते ते पुढचे. रिक्षावाल्याशी मीटरवर वाद न घालणारी बाई केकवालीला म्हणते, "घरीच तर करतेस, थोडे कमी कर." या "घरीच तर" मध्ये सगळे आले. घरात केलेले काम हे काम नव्हे, हे आपल्याही मनात मुरले आहे. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत बिनमोबदल्याचे घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटे निघाली, पुरुषांची ९७. आणि असे काम करणारे पुरुष शंभरात २६ च! ज्या ओट्यावर ही २९९ मिनिटे फुकट जातात त्याच ओट्यावर केक होतो. म्हणून त्याचेही तास फुकट धरले जातात. बाईही दर सांगताना आवाज खाली घेते.

हा प्रश्न नवा नाही. गिरगावात १९५९ साली सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड सुरू केले, त्यातून लिज्जत उभे राहिले. गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये संघटित केले, सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून दिले, त्यातून अन्नपूर्णा महिला मंडळ झाले. लाटणे आणि रांधणे आधीही चालूच होते. बदल झाला तो बायका एकत्र आल्यावर. आज केकवाली मात्र आपल्या स्वयंपाकघरात एकटी आहे, आणि शेजारच्या गल्लीतली दुसरी तिच्यापेक्षा शंभर रुपये कमी सांगते आहे.

अशात जो तो केकचे प्रशिक्षण वर्ग काढतो, प्रमाणपत्र वाटतो आणि त्याला सबलीकरण म्हणतो. एका वस्तीत तीस जणींना केक शिकवले तर घेणार कोण, हे वर्ग काढणाऱ्यांना विचारले पाहिजे.

म्हणून माझ्या तीन सूचना. एक, केक करणाऱ्या जणींनी गटात बसून तासाचा किमान दर ठरवावा आणि त्याखाली कुणी जाऊ नये. निम्मे पैसे आगाऊ, ऑर्डर लेखी, सामान एकत्र घाऊक. दोन, पैसे बाईच्या स्वतःच्या खात्यात जावेत. नवऱ्याच्या फोनवर जमा झालेले पैसे तिचे राहत नाहीत, हे आपण सगळ्या जाणतो. तीन, ज्यांचा धंदा वाढला आणि ज्यांनी भांडी घासायला, डबे धुवायला मदतनीस ठेवली, त्यांनी तिचेही तास मोजावेत. आपल्याला हवा तो न्याय तिलाही द्यावा लागेल.

आणि घेणाऱ्या आपण. परवडत नसेल तर सरळ नाही म्हणा, लहान केक सांगा, साधा सांगा. त्यात कमीपणा नाही. पण तेवढ्याच केकचे, तेवढ्याच तासांचे पैसे कमी करायला सांगू नका. आपल्या संघटनेच्या कार्यक्रमाला केक, लाडू किंवा जेवण सांगतानाही हाच नियम. "आपलीच आहे" म्हणून तिचा दर पाडायचा नाही, उलट आपलीच आहे म्हणून तो पूर्ण आणि वेळेवर द्यायचा. पुढच्या बैठकीला येताना केक करणाऱ्या प्रत्येकीने एका ऑर्डरचे तास लिहून आणावेत. तिथून दराची चर्चा सुरू करू.