ओवाळणी आणि हक्कसोडपत्र
(कुटुंब मेळाव्यातील भाषणाचा सारांश)



स्त्री-पुरुषांना परस्परांचे शत्रू मानणारा स्त्रीवाद आपल्याला मान्य नाही, असे आपण व्यासपीठावरून नेहमी सांगतो. मात्र त्या नकाराच्या आडून घरातला अन्याय झाकला जात नाही ना, हेही पाहिले पाहिजे. १९४९ साली हिंदू कोड बिलाला कुटुंबसंस्थेच्या नावाने विरोध झाला. विरोध करणाऱ्यांत आपलीही माणसे होती. १९५५-५६ साली ते कायदे झाले; कुटुंबसंस्था टिकून राहिली. २००५ साली वडिलार्जित मिळकतीत कन्येला पुत्राइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला.

तरीही भाऊबीजेला ओवाळणी घालणारा भाऊ बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवतो. माहेर तुटेल या धास्तीने ती सही करते आणि आपण तिच्या त्यागाचे कौतुक करतो!

१९३६ साली वर्ध्यात राष्ट्र सेविका समिती स्थापन करणाऱ्या वंदनीय मावशी केळकर स्वतः विधवा होत्या, मुलांच्या आई होत्या. मातृत्व, कर्तृत्व, नेतृत्व हे समितीचे आदर्श. मातृत्वाचे गोडवे गाऊन कर्तृत्वाचा आधारच काढून घेणे त्यांत बसत नाही.

स्त्रीवादाला आपले उत्तर सातबाऱ्यावर दिसू द्या. बहिणीचे नाव तेथे राहू द्या.