वनौषधींची जनुकीय परीक्षा



बेळगावहून वेंगुर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर हिंडलगा हे गाव आहे. तेथून पश्चिमेस गेले की सह्याद्रीची झाडी सुरू होते; उत्तरेस निपाणीची तंबाखूची पेठ आहे. झाडीतून अडुळसा, गुळवेल, हिरडा घरोघर येतो आणि गुण देतो. त्यामुळे ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ हे वाक्य आपण सहज बोलून जातो. परंतु निपाणीचा तंबाखू हाही झाडाचा पालाच आहे. दात दुखला की मिश्री लावावी, असा सल्ला आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या दिला गेला. पोर्तुगीजांबरोबर आलेले हे पान आपण शतकानुशतके वापरले. आणि धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविणारे डॉल व हिल यांचे संशोधन इंग्लंडात प्रसिद्ध झाले ते १९५० साली.

इतक्या पिढ्यांच्या अनुभवाला हे का उमगले नाही? याचे उत्तर पेशीच्या घडणीत आहे. प्रत्येक पेशीत जनुकांच्या रूपाने शरीराचा आराखडा साठविलेला असतो. एखादे द्रव्य त्या आराखड्यातील अक्षर बदलते किंवा गुणसूत्राचा तुकडा पाडते. त्या दिवशी काहीच दुखत नाही. पंधरा-वीस वर्षांनी गाठ येते, तेव्हा त्या पाल्याची आठवणही कोणास राहत नाही.

आपल्या पूर्वजांनी परीक्षा केली नाही, असे मात्र मुळीच नाही. वत्सनाभाचे विष व बिब्ब्याचा दाह त्यांनी जाणला आणि शोधनाचे विधी घालून दिले. युक्तीने वापरलेले विष औषध ठरते व अयुक्तीने वापरलेले औषध विष ठरते, ही चरकाचीच शिकवण होय. जे तत्काळ दिसते ते अनुभवाने पारखले. जे वीस वर्षांनी दिसते ते पारखण्याचे साधन त्यांच्याजवळ नव्हते. आज ते आहे.

त्याची निकड बेल्जममधील एका प्रसंगाने जगाला पटविली. १९९०च्या सुमारास ब्रुसेल्स येथे वजन उतरविण्यासाठी चिनी वनस्पतींची भुकटी घेतलेल्या शंभरावर स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. त्यांपैकी अनेकींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. नामसादृश्यामुळे एका वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया कुळातील दुसरी आली होती. त्या कुळातील आम्ल जनुकांना चिकटून त्यांत विशिष्ट बदल घडविते, हे पुढे सिद्ध झाले. आपल्याकडे सर्पदंशावर दिली जाणारी ईश्वरीची मुळी याच कुळातील आहे, हे प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

ही परीक्षा होते कशी? अमेरिकेतील ब्रूस एम्स यांनी सुचविलेल्या पद्धतीत हिस्टिडीन हे पोषकद्रव्य स्वतः तयार करण्याची शक्ती गमावलेले जंतू घेतात. ते द्रव्य जवळजवळ नसलेल्या बशीत त्यांना ठेवून वनस्पतीचा अर्क घालतात. जंतूंच्या वसाहती नेहमीपेक्षा पुष्कळच अधिक उगवल्या, तर अर्काने त्यांची जनुके बदलली असे समजावे. काही द्रव्ये यकृतातून गेल्यावरच घातक बनतात; म्हणून उंदराच्या यकृताचा अर्कही मिसळतात. दुसरी परीक्षा कांद्याची. कांद्याची कोवळी मुळे अर्कात ठेवून त्यांच्या टोकांतील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. गुणसूत्रे तुटली असल्यास दिसतात. ही तर महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही होऊ शकते. पुढची पायरी उंदरांच्या अस्थिमज्जेची.

तथापि एका परीक्षेचा निकाल म्हणजे शिक्षा नव्हे. रोजच्या कांद्यातील क्वेर्सेटिन हे द्रव्य एम्सच्या बशीत दोषी दिसते. पण म्हणून कोणी कांदा टाकीत नाही, कारण कांद्याने माणसाला कर्करोग होतो असे दिसून आलेले नाही. उलट कधी परीक्षेतून गुणही प्रकट होतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, धूम्रपान करणाऱ्यांना महिनाभर हळद दिल्यावर त्यांच्या मूत्रातील जनुकघातक द्रव्ये घटलेली आढळली.

सह्याद्रीतील नरक्या या झाडाची कथा याहून बोधप्रद आहे. नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी व त्यांचे सहकारी मनरो वॉल यांनी १९६६ साली अमेरिकेत एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन वेगळे केले. पुढे १९७२ साली तेच द्रव्य आपल्या नरक्यात सापडले. हे द्रव्य विभागणाऱ्या पेशींची जनुकसाखळी तोडते. निरोगी माणसाला ते घातक. पण त्यापासूनच कर्करोगावरील मौल्यवान औषधे घडली. दोष नेमका कळला, म्हणून त्याचा उपयोग करता आला.

बेळगावात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे केंद्र २००६ साली स्थापन झाले. तेच आज राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्था म्हणून ओळखले जाते. जंगल, जाणते वैद्य व प्रयोगशाळा असा त्रिवेणी संगम फार थोड्या जिल्ह्यांना लाभतो. ग्रंथोक्त औषधे ग्रंथोक्त उपयोगासाठी विकताना सुरक्षेच्या नव्या अभ्यासाची सामान्यतः सक्ती नाही. म्हणूनच, ज्या वनस्पती दीर्घकाळ, गरोदरपणी किंवा लहान मुलांना दिल्या जातात, त्यांची तरी परीक्षा आधी व्हावी. ती करताना वैद्याला आरोपी न मानता सहकारी मानावे. कारण कोणती वनस्पती, कोणत्या ऋतूत, किती मात्रेने, हे त्यालाच ठाऊक असते.

आणि तोवर आपण काय करावे? अनोळखी मुळी केवळ नावावर विश्वासून घेऊ नये. घेतलेले औषध महिनोन् महिने चालू ठेवू नये. गर्भवतीला काहीही देण्यापूर्वी तज्ज्ञाला विचारावे. परंपरेने आपल्याला औषधे दिली, त्यांबरोबर पारख करण्याची सवयही दिली. औषधे ठेवून ती सवय टाकून देणे हे परंपरेवरचे प्रेम नव्हे.