फेरफारातली बाई

(गावाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या महिला मंडळांच्या शिबिरातील भाषण)



गावाचा इतिहास लिहायचा म्हटलं की लोक आपल्याला पाटलाच्या वाड्यावर नेतात, देवळातला शिलालेख दाखवतात, फार तर स्वातंत्र्यसैनिकांची यादी हातात देतात. त्यात बाई नसते. मग आपणही म्हणू लागतो की बायकांबद्दल कुठे काही लिहूनच ठेवलेलं नाही. हे खरं नाही. लिहून ठेवलेलं आहे आणि ते सरकारी दप्तरात आहे. मात्र तिथे बाई बहुधा सापडते ती तिचं नाव कमी केल्याच्या नोंदीत. आज मला त्या नोंदी कशा वाचायच्या हे सांगायचं आहे.

दप्तर म्हटलं की मुंबई-पुण्याचं पुराभिलेखागार डोळ्यापुढे येतं. पुण्याला पेशवे दप्तर आहे, ते मोडीत आहे. आपल्या प्रत्येक गटात मोडी वाचणारी एक तरी मुलगी तयार व्हायला हवी. पण सुरुवात गावाजवळून करा. तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, आणि तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात जा. नकलेचा अर्ज द्या, फी भरा, पावती घ्या. बरेच जुने कागद आता संगणकावरही आले आहेत. टाळाटाळ झालीच, तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे.

मागायचं काय? सातबारा आज जमीन कोणाच्या नावावर आहे ते सांगतो. ती तशी कशी झाली, हे फेरफार सांगतो. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला. त्यानंतर कोणाचं नाव चढलं, कोणाचं उतरलं आणि कशामुळे, ते फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, लिहिलं जाऊ लागलं. गावच्या बायकांचा इतिहास या वहीत आहे.

तीन जागी बोट ठेवून वाचा. पहिली, ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाचं नाव घरासाठी म्हणून लागतं आणि बाकीचे, त्यात बहिणी, कागदावरून नाहीशा होतात. दुसरी, ‘अ.पा.क. आई’ म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई. नवरा गेल्यावर पोरांची जमीन हिनेच राखली. पण मुलगा सज्ञान झाला की शेरा कमी होतो आणि आईही. तिसरी जागा म्हणजे ‘इतर हक्क’ हा रकाना. भाऊ खातेदाराच्या रकान्यात, आणि आई-बहिणी मात्र या बाजूच्या रकान्यात, हे चित्र तुम्हाला ठिकठिकाणी दिसेल.

आता कायद्याची सालं शेजारी ठेवा. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने लग्नाला मुभा दिली, पण पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क काढून घेतला. जुन्या नोंदीत ‘पाट लावला, सबब नाव कमी’ अशा अर्थाचा शेरा आला, तर त्यामागे काय आहे हे आपल्याला कळलं पाहिजे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वारस नोंदीत मुलींची नावं येऊ लागतात आणि त्यांच्या पाठोपाठ ‘हक्कसोड’ येते. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली संसदेने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने जन्मतः हक्क दिला. १९३७ च्या शरियत कायद्यातून शेतजमीन वगळलेली होती, म्हणून मुस्लिम घरांच्या फेरफारांतही मुली शोधा. या प्रत्येक सालाच्या आधीची आणि नंतरची दहा-दहा वर्षं घ्या. किती मुलींची नावं चढली, किती उतरली, ते मोजा. कायदा आपल्या गावात पोचला की वेशीवरच अडला, हे तुमचा तक्ताच सांगेल.

हक्कसोडीच्या नोंदीत आणखी एक पाहा. तिथे नोंदणीकृत दस्ताचा क्रमांक आहे, की नुसता जबाब घेऊन नाव कमी केलं आहे? फेरफार प्रमाणित करण्याआधी हितसंबंधितांना नोटीस द्यावी लागते. ती बहिणीच्या सासरी पोचली होती का? तिचा अंगठा कोणी घेतला? अशी नोंद वकील मैत्रिणीला जरूर दाखवा.

जिच्या घरी जमीनच नव्हती, तिचं काय? ती फेरफारात मिळणार नाही. तिला जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत शोधा, शाळेच्या जनरल रजिस्टरात शोधा. गावची पहिली मुलगी शाळेत कधी आली, कोणत्या जातीची होती, शाळा कधी सोडली, हे तिथे असतं. आणि १९७२ च्या दुष्काळापासूनच्या कामांचे हजेरीपट कुठे जपलेले असतील, तर ते मिळवा. मिळकतीच्या कागदाने जिला लपवलं, ती इथे स्वतःच्या नावाने, दिवसांच्या हिशेबाने आणि अंगठ्यानिशी हजर आहे.

एक पथ्य पाळा. ‘हक्क सोडला’ एवढंच कागद बोलतो. का सोडला ते बोलत नाही. माहेर तुटू नये म्हणून कितीजणींनी अंगठा दिला असेल! त्यातल्या कित्येकजणी आज हयात आहेत. कागदाची नक्कल घेऊन आधी त्यांच्याकडे जा, वाचून दाखवा आणि ऐकून घ्या. त्यांची परवानगी नसेल तर नाव छापू नका. आपल्या तक्त्यासाठी तिच्या माहेरचं दार बंद होता कामा नये. पण तिलाच तो प्रश्न पुन्हा उघडायचा असेल, तर आपण तिच्या बाजूला उभं राहायचं.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने आपल्या गावच्या निदान पंचवीस वारस फेरफारांचा तक्ता आणावा. त्याआधी आपापल्या माहेरचा फेरफार काढा. आपलं स्वतःचं नाव त्यात आहे का, ते पाहा.